लाईनीचं बारसं

"मॅडम, तुमचं इंग्रजी घरचं का बाजारातलं?"

शाळेत रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हिंगोलीहून सेनगावपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढं जीपनं, म्हणजे निम्मी जीपच्या आत आणि निम्मी बाहेर, अशी लटकत आले होते. केसांत धूळ, हातात बी.एड.ची फाईल. म्हटलं, "सर, विद्यापीठाचं."

"मंग बाजारातलंच की," ते म्हणाले. "काही तकलीफ न्हाई. आपली लेकरं देतील घरचं करून."

आता बोला! मी इंग्रजीची नवीन शिक्षिका, ते इंग्रजीचे जुने शिक्षक, आणि माझं इंग्रजी दुरुस्त करणार कोण, तर नाकातून शेंबूड ओढणारी आठवीतली पोरं. मला असा राग आला की त्या दिवशीचा डबा मी त्यांच्याकडं पाठ करून खाल्ला. सरांनी माझ्या पाठीमागून हात घालून त्यातलं लोणचं उचललं, "वा, हे मातर घरचं हाय," असं म्हणाले आणि चाखत चाखत तासाला निघून गेले.

सर म्हणजे उंच, वाळलेल्या तुरीच्या काडीसारखे. कानांवर केसांचे झुपके, आणि हसले की चष्मा नाकाच्या शेंड्यावर. घर गावातल्या विहाराच्या मागं, दीड एकर शेत, आणि खांद्याला कायम एक झोळणा. त्या झोळण्यात पुस्तक कधी नसायचं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, जुनं लुगडं असायचं, एक पाटी आणि घुगऱ्यांचा डबा. इंग्रजीच्या मास्तरच्या झोळण्यात लुगडं काहून, हे मला महिनाअखेरीला कळलं.

सरांचं मत असं होतं की इंग्रजी शब्द म्हणजे घरजावई. "आलाय ना सासुरवाडीला? मंग आयतं बसून खाऊ द्यायचं न्हाई. कामाला लावायचा!" म्हणून दर महिन्याला ते दहावीच्या वर्गात एका इंग्रजी शब्दाचं बारसं करायचे. मी थट्टा करत नाही, खरंखुरं बारसं. खिडकीच्या गजांना काकूंचं लुगडं बांधून झोळी करायची, पाटीवर शब्द लिहून तिला बाळाच्या टोपड्यासारखी टापशी बांधून झोळीत निजवायचं, आणि पोरापोरींनी झोका द्यायचा. झोका देत देत गायचं, "कुणी शब्द घ्या, कुणी अर्थ द्या." चाल सरांची, त्यामुळं ती दरवेळी वेगळी.

मग एकेकानं उठायचं आणि त्या शब्दाचं एक वाक्य सांगायचं. पण अट अशी की वाक्य स्वतः रचलेलं नको. स्वतःच्या कानानं ऐकलेलं पाहिजे, आणि कोण कुणाला म्हणालं तेही सांगायचं. पुस्तकातलं किंवा बनवलेलं वाक्य आलं की अख्खा वर्ग बाकं बडवून ओरडायचा, "गाईऽऽडचं!" यात सगळ्यात पुढं पहिल्या बाकावरची एक तोंडाळ पोरगी. तिचा आवाज तर मारुतीच्या पारापर्यंत जायचा. सर म्हणायचे, "गाईडचं वाक्य म्हंजे हॉटेलातली चटणी. कुणाच्या हातची ते कळतच न्हाई."

आणि वाक्यात आधी कुणीच न आणलेला अर्थ निघाला, तर? तर धपाटे! बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात ना, अगदी तसे. नवा अर्थ आणणाऱ्यानं पाठ करून वाकायचं आणि सगळ्या वर्गानं त्याच्यावर तुटून पडायचं. केवढा मान तो! पोरं धपाटे खाण्यासाठी जीव टाकायची. नंतर घुगऱ्या.

आता घरात ऐकलेलं वाक्य शाळेत सांगायचं म्हटलं की काय होणार? एकदा शब्द होता 'टाईट'. एकीनं बूट टाईट सांगितले, एकानं घड्याळाचं टाईट शेड्यूल. मग एक पोरगं उठलं आणि मान ताठ करून म्हणालं, "माय शेजारणीला म्हणली, आमचे मालक काल लईच टाईट होऊन आले." वर्गानं त्याला धपाट्यांनी न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी मालक, म्हणजे त्या पोराचा बाप, शाळेत हजर, डोळे लाल, बाह्या वर. मी स्टाफरूमचं दार लोटून घेतलं. सर मात्र त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "या या! तुमच्या जिवावर पोरगं काल वर्गात पहिलं आलं." मालकांना काही समजेना. त्यांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि जाताना विचारलं, "सर, म्होरला शब्द कोणता हाय?"

अशी सगळ्या गावालाच बाधा झालेली. बारशाच्या आदल्या दिवशी निम्मी घरं तोंडाला कुलूप लावून बसायची आणि उरलेल्या निम्म्या घरांत आयाबाया मुद्दाम लेकरांसमोर इंग्रजी झाडायच्या. भाजी निवडता निवडता एक बाई सुनेला म्हणायची, "का वं, आज तुझा मूड फुल का हाफ?" आणि चोरून नातवाकडं बघायची, की ऐकलं का गधड्यानं. पण वर्गात अशी वाक्यं लगेच ओळखू यायची. गाईऽऽडचं!

माझीही सुटका झाली नाही. 'ॲडजस्ट'च्या बारशाला मी मागं बसून गालात हसत होते, तर ती तोंडाळ पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमचं वाक्य?" मी जीपवाल्याचं सांगितलं, "मॅडम, जरासं ॲडजस्ट करा." कुणी हललं नाही. जुनं होतं. मग काय झालं कुणास ठाऊक, रविवारी मला बघायला आलेल्या बाईंचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. पोहे खाता खाता त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात पंधरा माणसं. मुलगी नोकरी सोडून ॲडजस्ट होईल ना?" आणि मग असे धपाटे पडले, असे पडले, की माझा अंबाडा सुटला. मी हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, मलाच कळेना. त्या संध्याकाळी घरी फोन करून मी ते स्थळ नाकारलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बघा! घरजावई कामाला लागला."

पण आमचे हेडसर या सगळ्याला वैतागले होते. माणूस वाईट नव्हे. शिस्तीचा. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, आणि जन्माचं दुःख एकच: आमच्या शाळेत प्रार्थनेला कधी सरळ लाईन लागली नाही. रोज सकाळी शिट्टी फुंकून फुंकून त्यांचे गाल दुखायचे. "लाईन सरळ! अरे सरळ म्हणजे काय रे!" पोरं मात्र बैलानं वाटेत मुतावं तशी वाकडीतिकडी. अशा माणसाच्या शाळेत खिडकीला लुगडं बांधलेलं आणि पोरं मास्तरणीच्या पाठीत धपाटे घालताहेत म्हटल्यावर काय होईल सांगा.

त्यातच काही पालक येऊन म्हणाले, हिंगोलीच्या क्लासमधली पोरं दहावीला इंग्रजीत जास्त मार्क घेऊन राहिली, आणि आपली घुगऱ्या खाऊन राहिली. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मॅडम, दहावीचं इंग्रजी तुम्ही घ्या. तुमच्याकडं प्रोजेक्टरचं वगैरे आहे. सरांचं वय झालं. त्यांना आता साईडलाईन करायला पाहिजे." मी म्हटलं, "सर, पण दहावी म्हणजे त्यांचा जीव आहे." ते म्हणाले, "म्हणूनच मी एकट्यानं ठरवत नाही. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. तुम्ही दोघंही पाठ घ्या. ते बघतील, मग ठरवू."

मी बाहेर आले तर दारातच सर उभे, हातात डबा. "घुगऱ्या घ्या मॅडम, गरम हायेत," एवढंच म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. मी घुगऱ्या घेतल्या आणि तशाच मुठीत धरून वर्गावर गेले.

दहावी गेली तर सर संपले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रिटायर व्हायला त्यांची थोडीच वर्षं उरली होती. खालच्या वर्गांत बारसं करायची सोय नव्हती, तिथं हेडसर स्वतः चक्कर मारायचे. काकू मला वाटेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, ह्यांची दहावी नका काढू. दिवसभर घरी बसून माझंच बारसं करतील." हसत हसत म्हणाल्या, पण माझा हात काही सोडला नाही. मी तरी काय सांगणार? माझा पाठ मी वाईट घ्यावा, असं मनात येऊन गेलं. पण तसं केलेलं सरांना कळलं असतं, आणि ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

पाठाच्या दिवशी अर्धं गाव खिडक्यांना लटकलेलं. साहेब खुर्चीत, शेजारी हेडसर. साहेब ढेरपोटे, गंभीर, दर दोन मिनिटांनी फोन बघायचे आणि खिशात टाकायचे. पहिला पाठ माझा. प्रोजेक्टर लावला, पडद्यावर झकास चित्र आलं, मी "गुड मॉर्निंग" म्हटलं, आणि फट्‌. अंधार. वर्गातून आणि खिडक्यांतून एकच आरोळी, "लाईन गेली!"

माझा पाठ तिथंच आटोपला. सर उठले, झोळण्यातून पाटी काढली आणि म्हणाले, "चला, बाळानं सोताच नाव सांगितलं." पाटीवर त्यांनी लिहिलं, लाईन.

हेडसरांनी कपाळाला हात लावला. तोवर लुगडं गजांना बांधून झालं होतं. पोरांना आदल्या दिवशीची तयारी नव्हती, घरचं पढवलेलं नव्हतं, जे कानात साठलं होतं तेच बाहेर यायला लागलं. एकानं सांगितलं, काका गड्याला म्हणतात, सोयाबीनच्या चार लाईनी झाल्या की तुरीची एक टाक. धपाटे! एक म्हणाला, जीपवाला रडून राहिला की ह्या लाईनीवर आता शीटाच न्हाईत. धपाटे! एकीची आजी मामाला म्हणाली होती, पोरगं लाईनीला लागलं, आता पोरगी पहा. धपाटे! एक पोरगं उठून म्हणालं, "डॉक्टर मायला म्हणले, सलाईन लावा." वर्गात भांडण जुंपलं. सरांनी निवाडा दिला, "हे लेकरू शेजारच्या पाळण्यातलं हाय. त्याला त्याच्या मायकडं देऊन या." मग एक पोरगी पदर नसताना पदर सावरल्यासारखं करत म्हणाली, "माय दादाला म्हणली, तू अभ्यास करून राहिला का लाईन मारून राहिला?" दादा खिडकीत उभा होता. तो असा पळाला की त्याची एक चप्पल गजात अडकून राहिली.

साहेबांच्या पोटाला हेलकावे बसायला लागले. हसू दाबत होते बिचारे. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "साहेब, तुमचं वाक्य?"

हेडसर शिट्टीकडं हात नेत म्हणाले, "ए, खाली बस!" सर शांतपणे म्हणाले, "बराबर हाय तिचं. बारशाला आलेला कुणीबी सुटत न्हाई."

साहेबांनी घसा साफ केला. "दोन बिंदूंना जोडणारी..."

"गाईऽऽडचं!"

खिडक्यांसकट सगळं गाव ओरडलं. साहेब चमकले, गोरेमोरे झाले. मग त्यांनी खिशातला फोन काढून हातात नुसता फिरवला. म्हणाले, "माझी आई गावी एकटी असते. रोज या वेळेला फोन करते. मी म्हणतो, आई, मीटिंगमध्ये आहे, बोलता येणार नाही. तर परवा म्हणाली, बोलू नको रे बाबा. नुसती लाईन चालू ठेव. तुझ्या हापिसातला आवाज ऐकत बसते."

झोका थांबला. मला माझी आई आठवली. हेडसर जमिनीकडं बघत होते. मग सर हळूच म्हणाले, "साहेब, नवा अर्थ हाय. पाठ करा."

आणि साहेब वाकले हो! शिक्षण खात्याचे साहेब, इस्त्रीचा शर्ट, वाकले. पोरांनी त्यांना बडव बडव बडवलं. सरळ झाले तेव्हा डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. त्यांनी तिथल्या तिथं आईला फोन लावला आणि तो चालूच ठेवून टेबलावर ठेवला. आता आमच्या बारशाला आणखी एक बाई आली होती.

मला वाटलं, जिंकले सर. तेवढ्यात ती तोंडाळ पोरगी पुन्हा उभी राहिली. "सर, तुमचं वाक्य?"

आजवर किती बारशी झाली, पण सरांनी स्वतःचं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, मी आत्या न्हाई, मी पाळण्याची दोरी. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

"हेडसरांच्या केबिनच्या दारात ऐकलं," ते म्हणाले. "एक माणूस दुसऱ्याला म्हणला, सरांचं वय झालं. त्यांना आता साईडलाईन करायला पाहिजे."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. हेडसरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. टेबलावरच्या फोनमधून साहेबांच्या आईचा आवाज आला, "काय झालं रे? सगळे काहून थांबले?"

ती पोरगी अजून उभीच होती. आवाज तोच, पारापर्यंत जाणारा. "सर, हा अर्थ कुणीच आणला नव्हता."

सर तिच्याकडं बघत राहिले.

"मंग पाठ करा इकडं," ती म्हणाली.

सर वाकले. आणि नेहमी तुटून पडणारी ती पोरं त्या दिवशी तुटून पडली नाहीत. ती पोरगी पुढं झाली, तिच्यामागं तिची मैत्रीण, तिच्यामागं तो टाईट मालकांचा पोरगा. एकामागं एक उभे राहिले. धपाटा घातला की बाजूला व्हायचं आणि डोळे पुसायचे. पोरं संपली तर खिडक्यांतली माणसं दारातून आत आली. मालक आले, पदर खोचून काकू आल्या, साहेबही आले. रांग वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून ग्राउंडवर, हापशापर्यंत गेली. मीही होते तिच्यात. माझा नंबर आला तेव्हा मी जोरात एक ठेवून दिला. सर वाकल्या वाकल्या म्हणाले, "हां. मॅडम आता घरच्या झाल्या."

माझ्यामागं पाहिलं तर हेडसर. ते कधी येऊन उभे राहिले कुणालाच कळलं नाही. पुढं होण्याआधी त्यांनी सवयीनं मागं वळून त्या सगळ्या रांगेवर नजर टाकली आणि शिट्टी तोंडाला लावली. मग तशीच काढून घेतली. रांग हापशापर्यंत दोरीसारखी सरळ होती.

त्यांनी सरांच्या पाठीवर नुसता हात टेकवला. जेमतेम.

सर वाकलेलेच राहिले. "हा गाईडचा झाला, हेडसर," ते म्हणाले. "परत मारा."

हेडसरांनी हात उगारला, आणि असा सणसणीत धपाटा घातला की सरांचा चष्मा उडून घुगऱ्यांच्या डब्यात पडला. फोनमधून साहेबांची आई हसायला लागली. हेडसर डब्यात हात घालून चष्मा शोधत होते, त्यांचे गाल ओले झाले होते, आणि ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "सर, पुढच्या महिन्यात कोणता शब्द घेताय?"